सातशे मैलांचा दिवा

गाडीच्या स्टीअरिंगसमोरच्या फळीवर मुगाएवढा एक लाल दिवा होता, आणि तो पेटला होता.

"नवरा गेल्यापासून ही इंचभरही हललेली नाही!" असं लिओटानं नुकतंच ठणकावून सांगितलं होतं. "मीसुद्धा वर्षानं या कोठारात पाऊल टाकतेय."

मंदीत इंडियानातल्या त्या गावातून एकेक बडी गाडी विकली गेली होती. लिओटाची तेवढी कोठारात, मागच्या अर्ध्या भागावर ताडपत्री पांघरून उभी होती. शिकागोचे फेंटन ती विकत मागायला तिसऱ्यांदा आले होते. दोनदा तिनं "एमेटला विचारून सांगते" म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. एमेट म्हणजे तिचा हाच दिवंगत नवरा! आज मात्र हो की नाही ते ऐकल्याशिवाय फेंटन हलणार नव्हते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हा दिवा तेल बदलायची आठवण करतो. सातशे मैल झाल्याशिवाय पेटत नाही."

लिओटानं नाक वर करून हुंगलं. कोठारात सफरचंदांचा वास कोंदला होता. एमेटच्या खिशात सदैव सफरचंद असायचं.

"कोण चालवतं ही?" फेंटननी विचारलं.

"एमेट," ती कुजबुजली. मग तिचा आवाज चढला. "सातशे मैल हिंडलास! आणि स्वयंपाकघरात एकदा डोकावला नाहीस?"

फेंटननी बॉनेटवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"बाई, इंजिन चालू आहे!"

अशा बड्या गाडीच्या इंजिनाला आवाज असा नव्हताच. गाडीत कोणी नव्हतं. भिंतीपलीकडून मात्र काहीतरी ओलं, टणक चिरडलं जात होतं. करकच्! मग शांतता. पुन्हा करकच्!

फेंटन दाराकडे सरकले. लिओटानं डोळे मिटून ताडपत्री ओढली. मागचं एक चाक ठोकळ्यांवर अधांतरी गरगरत होतं! त्यावरचा पट्टा फळ्यांच्या फटीतून बाहेर गेला होता.

त्या फटीत एक डोळा आला.

"वहिनी?"

एमेटची बहीण ओपल रसानं माखलेल्या हातांनी आत आली.

"सफरचंदं पिळतेय. सगळा गाव गाडीच्या चाकाला पट्टा लावून लाकडं कापतो! हातानं चरक फिरवून माझे खांदे निखळले, आणि तू या गाडीवर खुडूक कोंबडीसारखी बसलीस!"

"सातशे मैल, ओपल!"

"मी अंगणाबाहेरसुद्धा गेले नाही! गाडीच्या दारातूनच हात घालून चालू करते. चाक जागच्या जागी फिरलं, त्याचेच मैल मोजले गेले."

लिओटानं आत वाकून पाहिलं. एमेटच्या जागेवर वर्षाची धूळ जशीच्या तशी होती. मग ती ओपलकडे वळली.

"किती सफरचंदं राहिलीत?"

"दोन पोती."

"तेवढी होऊ द्या," लिओटा फेंटनना म्हणाली. "मग गाडी तुमची. एमेट हिच्यात नव्हताच."