अवसेचा हाफ क्लच

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या केबिनमध्ये नवनाथ केंद्रेंनी लॅपटॉप अभिमन्यूकडे फिरवला आणि एवढंच म्हटलं, "शेठ, तुमची गाडी गोल फिरते."

पडद्यावर चकलांब्याच्या शिवाराचा नकाशा होता. अभिमन्यूच्या शेतात, पत्र्याच्या शेडसमोर, लाल रेघेची वर्तुळावर वर्तुळं पडली होती. एकाच खांबाला बांधलेलं जनावर दोर ताणून हिंडावं, तशी.

"ही बघा गाडीनं स्वतः पाठवलेली नोंद. वेग माणसाच्या चालीचा. गिअर पहिला. क्लच अर्धा दाबलेला. वेळ भर दुपारची. आपली गाडी चार सेकंदांत शंभरावर जाते, शेठ. तुम्ही तिला म्हशीसारखी हिंडवता. दुसरा क्लच जळालाय. कसा राहील?"

"साहेब, दुपारचा मी क्रशरवर असतो. गेवराईला. खडीचा धुरळा खात. गाडी शेडमधी उभी अस्ती. तिला कोन हिंडवायलंय?"

"ते तुम्ही सांगायचं. मालकाच्या चुकीला वॉरंटी नाही." नवनाथांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "आणखी एक. गाडी सीटची जागापण कळवते. रोज सीट तुमच्या मापाला असते. अवसेला मात्र पार पुढं सरकलेली. स्टिअरिंगला चिकटून. बारक्या अंगाचं कुणीतरी."

केबिनमधला एसी एकाएकी फारच गार वाटू लागला.

अभिमन्यूनं ही लाल, दोन दारांची गाडी पुण्याहून आणली तेव्हा चकलांब्यात तिच्याविषयी एकच मत होतं : हिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. गल्लीत ती मावेना, गतिरोधकावर तिचं पोट घासे. म्हणून तिचा मुक्काम शेतातल्या शेडमध्ये. रविवारी तिला फळ्यांवरून अलगद हायवेला न्यायचं, सोलापूरच्या बाजूला एकदा सोडायची आणि परत आणून पुसायची, एवढाच तिचा संसार. बायकोनं, शिवकन्येनं, एकच प्रश्न विचारला होता, "बिघडली तर?" अभिमन्यू रुबाबात म्हणाला होता, "वॉरंटी हाय." "बरं. ज्या दिशी वॉरंटी गेली, त्या दिशी गाडी गेली," असं म्हणून तिनं विषय मिटवला होता. एका क्लचच्या किमतीत दोन दुभत्या म्हशी गोठ्यासकट आल्या असत्या. पहिला क्लच संक्रांतीच्या सुमारास जळाला तेव्हा कंपनीनं कुरकुरत बदलून दिला. आता फाल्गुनात दुसरा घसरायला लागला होता. गाडी अजून हळू चालत होती, पण जळका वास सोडत होती.

"पुढची अवस चार दिवसांवर आहे," नवनाथ म्हणाले. "मी स्वतः येतो. डोळ्यांनी बघतो. मग काय तो रिपोर्ट."

घरी आईनं, रुक्मिणीबाईनं, सगळं ऐकून घेतलं आणि ज्वारी निवडता निवडता निकाल दिला. "मुंजा हाय त्यो. बांधावरच्या पिंपळावरचा. बारकं लेकरू असतंय ते. सीट पुढं घ्येनारच की."

"माय, मुंजाला गाडी येती का?"

"तुला तरी कुठं आलती? शिकलास की."

दुसऱ्या दिवशी बोनेटवर हळदकुंकू होतं आणि पुढच्या जाळीला लिंबूमिरची. नारळ बंपरवर फोडल्याची खूणही होती. ती वॉरंटीत बसते का, हे विचारायचा धीर अभिमन्यूला झाला नाही.

त्या दिवशी तो क्रशरवर जातो सांगून निघाला आणि आडवाटेनं शेतात येऊन कडब्याच्या गंजीमागं बसला. मराठवाड्यात भुतांना रात्रीची वाट पाहावी लागत नाही. फाल्गुनातली भर दुपार त्यांना पुरते. सावल्या पायाखाली लपल्या होत्या. कावळा ओरडत नव्हता. पिंपळाची सगळी पानं गप्प होती, नि एकच पान सारखं हलत होतं. अभिमन्यूनं त्या पानाकडं न पाहायचं ठरवलं आणि तिकडंच पाहत राहिला.

तेवढ्यात शेडमध्ये गाडी गुरगुरली. लाल नाक बाहेर आलं. समोरच्या खळ्यात हरभऱ्याचा ढीग पसरला होता, मधोमध खांब. गाडी संथपणे त्या हरभऱ्यावर चढली आणि खांबाभोवती फिरू लागली. एक फेरा. दुसरा. जळका वास पसरला. अभिमन्यू रांगत पुढं गेला, डोळे किलकिले करून त्यानं काचेतून आत पाहिलं.

आत पांढरा फेटा होता.

"आबा?"

गाडी थांबली. काच खाली गेली. आश्रुबांनी, म्हणजे अभिमन्यूच्या वडिलांनी, शांतपणे विचारलं, "क्रशरवर न्हाई गेलास?"

"आबा, तुमी माज्या गाडीनं खळं करायलात?"

"मग? खांबाभवती पात हाणायला बैल लागतेत, ते तूच इकलेस. ट्रॅक्टर आणला तर त्याच्या नक्षीच्या टायरात दाना फुटतोय. हिचे टायर बघ कसे रुंद, गुळगुळीत. लई गुनाची हाय. पात धरली की धरली, कुठं तोंड घालत न्हाई. मुसकं बांदायची गरज न्हाई, शेन टाकायची भीती न्हाई."

"आन् क्लच? त्यावर कावून पाय ठेवून बसता?"

"सोडला तर पळती की बे ती! बैलाचा कासरा सोडून पात हाणत असतेत का?"

संक्रांतीआधीची तूरही अशीच झाली होती, हे मग कळलं. भुतापेक्षा हे वाईट होतं. भुताची चूक कंपनीनं मालकाच्या माथी मारली नसती, बापाची मारणारच होती.

"आबा, रोज केलं ते केलं. पर अवसेला तरी गाडीला सुट्टी द्यायची."

आश्रुबांचा चेहरा बदलला. "अवसेला? अरं, अवसेला कोन औत धरतंय का? बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत त्या दिशी. म्या अवसेला शेताकडं पाऊल टाकत न्हाई."

"आन् सीट पुढं कोन घेतंय?"

"सीट? ती सरकती व्हय?"

त्या एकट्या पानाच्या सोबतीला आता आणखी दोन पानं हलू लागली होती.

अवसेला नवनाथ केंद्रे टाय लावून आले. अभिमन्यूनं त्यांना आबांविषयी चकार शब्द सांगितला नाही. दोघं गंजीमागं बसले. सगळं शिवार ओस होतं. अवसेला या रानात माणूस दिसत नाही, तसं त्या दिवशी पाखरूही दिसत नव्हतं. नवनाथांनी मोबाईलवर रिपोर्टचा फॉर्म उघडून ठेवला होता.

ऊन ऐन डोक्यावर आलं आणि शेडमध्ये इंजिन चालू झालं.

गाडी एक धक्का खाऊन बाहेर पडली, थबकली, पुन्हा धक्का खाऊन सरकली. लिंबूमिरची डुलत होती. खांबाभोवती पहिला फेरा घेऊन ती त्यांच्या समोरून गेली. नवनाथांनी अभिमन्यूचं मनगट गच्च धरलं.

"शेठ, आत कुणी न्हाई."

खरोखरच नव्हतं. काचेतून नुसतं स्टिअरिंग दिसत होतं, आणि ते आपोआप वळत होतं.

"शेठ," नवनाथांचा टाय त्यांच्याच दातांत होता, "माजं गाव युसूफ वडगाव. आमच्याकडं बी असलं असतंय. आमी त्याच्या वाटंला जात न्हाई." एका अंगठ्यानं ते फॉर्म भरत होते. 'चालक' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. 'दोष कुणाचा' इथं 'वाहनाचा' निवडलं. 'मंजुरी' दाबलं. फॉर्म कंपनीकडं रवाना झाला. मग ते हनुमंताचं स्तोत्र पुटपुटू लागले, तेही मधल्याच ओळीपासून.

तिसऱ्या फेऱ्याला गाडी वळली, सरळ गंजीकडं आली आणि आचका देऊन बंद पडली. काच सर्रकन खाली गेली. हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. नवनाथ अभिमन्यूच्या मांडीवर बसले.

"आवो," आतून आवाज आला, "तिथं बसलात तर सांगा की. हिच्यात रिव्हर्स कुठं हाय?"

शिवकन्या सीटमध्ये इतकी खोल बुडाली होती की पदर तेवढा खिडकीला लागला होता.

"तू? तू कावून?"

"मोबाईलवर बघून शिकायले. गावात शिकावं तर सगळं गाव हसायला गोळा. अवसेला इकडं कुत्रं फिरकत न्हाई. पुढं जायचं जमलं, मागं यायचं जमंना. मग शेडमधी परत घालायला गोल गोल फिरूनच यावं लागतंय ना!"

अभिमन्यूनं हळूच नवनाथांकडं पाहिलं. नवनाथ मोबाईलकडं पाहत होते. "गेला तो फॉर्म," ते म्हणाले. "परत घेता येत नाही. आणि आता लिहू काय? भुताला घाबरून खोटं लिहिलं असं?"

कंपनीत त्या फॉर्मनं हाहाकार उडाला. आपली गाडी माणसाशिवाय चालते ही बातमी बाहेर फुटण्यापेक्षा क्लच स्वस्त होता. दोनच दिवसांत ट्रक येऊन गाडी घेऊन गेला. नवा क्लच परदेशातून येईस्तोवर तिचा मुक्काम सर्व्हिस सेंटरला, सगळा खर्च वॉरंटीत. शिवकन्येनं शब्द पाळला : वॉरंटी गेली नाही, गाडीही गेली नाही. अभिमन्यू तिला रविवारी क्रशरच्या पिकअपवर रिव्हर्स शिकवू लागला.

महिना सरला. दुपारचं जेवण आटोपून अभिमन्यू ओसरीवर बसला होता. आबा खाटेवर घोरत होते. मोबाईल वाजला.

"शेठ," नवनाथांचा आवाज बारीक झाला होता. "वहिनी कुठायत?"

"हितंच. भांडी घासायली."

"आणि वडील?"

"झोपलेत माज्याम्होरं. कावून?"

"आज अवस आहे. नकाशावर तुमची गाडी शेतात गोल फिरतेय. आत्ता."

"आवो साहेब, गाडी तर तुमच्याकडं हाय."

"होय. माझ्यासमोर जॅकवर उभी आहे. जळका क्लच काढून टेबलावर ठेवलाय. सीट पार पुढं गेलीय, शेठ. मी सरकवली नाही."

अभिमन्यूनं सुचेल ते विचारलं, "हे... वॉरंटीत बसतं ना, साहेब?"

दुपार एकदम गप्प झाली. मग लांबून, पहिल्या गिअरवर कण्हणारं इंजिन ऐकू आलं. अभिमन्यूनं फोन बंद केला. आवाज चालूच राहिला.

खाटेवर आबांनी डोळे न उघडता कूस बदलली.

"आभ्या," ते झोपेतच कावले, "अवसेला कोन पात हाणायलंय बे?"