गादीवाल्या नानांचं चालू खातं

आमच्या शेजारचे नाना स्वतःच्याच घराची कडी वाजवून आत जातात. कुलूप स्वतः काढतात, मग कडी वाजवतात, बाजूला सरकून उभे राहतात, जरासं खाकरतात आणि मगच उंबरा ओलांडतात. आत दुसरं कोणी राहत नाही.

लग्न होऊन भिसेगावात आले, त्या पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं. सासूबाईंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तसंच आहे त्यांचं. तू लक्ष नको देऊस." शेवटी धीर करून मी नानांनाच विचारलं.

"सूनबाई, आतला मानूस कसा बसला आसंल, काय करत आसंल. आपन एकदम कसं घुसायचं?"

"पण आत आहे कोण, नाना?"

"दादा," ते म्हणाले, आणि माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखं हसले.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दोघंही बिनलग्नाचे. दादा मोहोपाड्याला कंपनीत होते, नाना भिवपुरीच्या पॉवर हाऊसवर. मी या गल्लीत येण्याआधीच दादा वारले होते. पण ही बातमी नानांच्या घरात काही पोचलेली नव्हती. भाजीवालीने दारात टोपली उतरवून "कोथिंबीर देऊ का?" म्हटलं की नाना म्हणायचे, "थांब, इचारून सांगतो." आत जायचे. थोडा वेळ सगळं शांत. मग बाहेर येऊन सांगायचे, "नको म्हनतो. कालचीच हाय."

भाजीवाली आधी हसायची. पुढे तिने त्या दारात टोपली उतरवणंच सोडलं. मला म्हणाली, "ताई, ते आत गेले ना, की आत दोघं बोलल्यासारखं वाटतं." मी तिला वेड्यात काढलं. पण आमची मोरी नानांच्या भिंतीला लागून आहे, आणि त्या दिवसापासून भांडी घासताना मी नळ बारीक ठेवू लागले.

निवृत्त झाल्यावर नानांनी गाद्या भाड्याने द्यायचा धंदा काढला. आमच्या कर्जत-खालापूर भागात आता जिकडेतिकडे फार्महाऊस झालीयत. शनिवार-रविवार पाहुणे उतरतात आणि गाद्या हमखास कमी पडतात. नाना टेंपोत गाद्या-उशा घालून पोचवायचे. त्यांच्या पुढच्या खोलीत गाद्यांची थप्पी छताला टेकलेली असायची आणि तिच्यापुढे दादांची खाट. खाटेवर मात्र कधी गादी ठेवू द्यायचे नाहीत.

मग खालापूरकडच्या एका मोठ्या फार्महाऊसने त्यांना लग्नसराईचं पूर्ण काम देऊ केलं. अट एकच होती. पैसे धंद्याच्या नावाच्या चालू खात्यातच जमा होतील. एवढं मोठं काम नानांना पहिल्यांदाच मिळत होतं. ते मला घेऊन बँकेत गेले.

काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, "फर्मचं नाव?"

"रघुनाथ आनि बंधू. रघुनाथ म्हंजे मी."

"म्हणजे भागीदारी. मग फर्मचं वेगळं पॅन काढावं लागेल. दोन्ही भागीदारांचंही पॅन लागेल. तुमचा नंबर सांगा."

नाना उठले, काउंटरवरून पुढे वाकले आणि मॅडमच्या कानात कुजबुजले. पॅनचा नंबर मोठ्याने बोलायचा नाही, ऐकणारं कोण कसं असेल सांगता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मॅडम दचकून मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "आणि भावांचं?"

नानांनी खिशातून दुसरं कार्ड काढून ठेवलं.

"सहीला येतील ना ते?"

"सध्या भाईर पडत नाय तो."

मॅडमनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आजारी आहेत का?"

"वारलेत," मी म्हणाले.

मॅडमनी कार्डाला लावलेला हात काढून घेतला. म्हणाल्या, "काका, मग हे पॅन आयकर खात्याला कळवून बंद करायला पाहिजे." नानांनी ते कार्ड असं झटकन उचललं, की जणू मॅडम दादांनाच उचलून न्यायला आल्या होत्या.

शेवटी ठरलं की धंदा एकट्या मालकाचा दाखवायचा. त्याला नानांचं स्वतःचंच पॅन चालतं, वेगळं काढावं लागत नाही. बाकी कागद नानांकडे होतेच. मॅडम म्हणाल्या, "घरूनच ॲपवर अर्ज करा. आमचा माणूस व्हिडिओ कॉल करेल, तुमचा चेहरा आणि पॅन बघेल, झालं." बहुधा त्यांना नानांना पुन्हा काउंटरवर बघायचं नव्हतं.

मी अर्ज भरून दिला आणि कॉलसाठी माझा फोन नानांच्या हातात ठेवला. नियम असा की कॉलच्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको. म्हणून मी बाहेर ओट्यावर बसले. आतून एका मुलीचा आवाज आला.

"सर, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा. हां. आणि मागे जे बसलेत त्यांना प्लीज बाहेर जायला सांगा."

"कोन बसलंय?" नानांनी विचारलं.

"ते खाटेवर बसलेत ना, ते."

मी उठून आत डोकावले. खाट रिकामी होती. फोन कट झाला, अर्ज नामंजूर.

मी म्हटलं, खुंटीवरच्या सदऱ्यामुळे भास झाला असेल. मी सदरा काढला, थप्पीवर चादर टाकली, खिडकी सताड उघडली. पुन्हा अर्ज केला. या वेळी एक पुरुष होता. त्याने आधी नाव विचारलं, मग पत्ता. नानांचा पत्ता सांगून व्हायच्या आत तो म्हणाला, "काका, उत्तरं तुम्हीच द्यायची. त्यांना मध्ये बोलू देऊ नका." ओट्यावर बसलेल्या मला नानांशिवाय कुणाचाच आवाज आला नव्हता. हाही अर्ज नामंजूर झाला.

"नाना, आता बस," मी म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर दुसऱ्या शाखेत चला. तिथे कागदावर सह्या करू."

"इचारून सांगतो."

विचारून झालं की नाही कोण जाणे, पण नाना काही हलेनात. तिकडे फार्महाऊसचा मॅनेजर मला फोन करून सांगत होता, आता दुसऱ्या कुणाला तरी काम देतो. आणि एक दिवस मला कळलं की नानांनी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून आणखी एक अर्ज भरून घेतला होता आणि त्याच्याच फोनवरून घरात बसून कॉलही केला होता. तोही नामंजूर. मी तणतणत त्यांच्याकडे गेले.

"काम हातचं जाईल, नाना! कशाला पुन्हा पुन्हा तेच?"

नाना गादीला टाके घालत होते. सुई तशीच टोचून ठेवून म्हणाले, "ह्या टायमाला मी फोनवरच्या पोरीला इचारलं, कसा बसलाय गं तो? ती म्हनाली, मांडी घालून बसलेत, चष्मा कपाळावर हाय." त्यांनी कपाळाला हात लावून दाखवला. "दादा चष्मा कपाळावर सारायचा, आनि मंग घरभर हुडकत फिरायचा. म्या तिला कायबी सांगितलं नव्हतं, सूनबाई."

नानांनी सुई पुन्हा हातात घेतली.

"दवाखान्यात होता तो. मी डबा आनायला घरी आलो, तेवढ्यात गेला. तवापासनं मी रोज इचारतो आनि माझं मीच उत्तर देतो. मला कदी काय ऐकू आलं नाय, काय दिसलं नाय. आनि ह्या परक्या पोरांना सरळ दिसतो गं. बरा हाय का, एवढंच कळलं तरी पुरं."

मी घरी जाऊन फोन घेऊन आले. अर्ज पुन्हा भरला. या खेपेला ओट्यावर न जाता दाराच्या आड, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी राहिले. कॉल लागला. कोणी मुलगीच होती. नानांनी कार्ड दाखवलं, नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. मुलीने शेवटचा प्रश्न विचारला.

"सर, खोलीत तुम्ही एकटेच आहात ना?"

नाना फोनकडे वाकले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मागं बघ की जरा, पोरी. खाटेवर."

"खाट रिकामी आहे, काका."

"नीट बघ. कोपऱ्यात बी बघ."

मुलीला काय वाटलं असेल कोण जाणे, पण ती घाईने बोलली नाही. "बघितलं काका. कोणी नाही. तुम्हीच आहात फक्त. तेवढं 'हो' म्हणता का? म्हणजे माझं काम होईल."

नानांनी एकदा वळून खाटेकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "एकटाच हाय मी."

खातं मंजूर झालं. फोनवर हिरवी खूण आली, अभिनंदनाचा संदेश आला. नानांनी फोन धोतराला पुसून माझ्या हातात दिला. बाहेर उन्हं उतरत होती, गल्लीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिटी वाजली. मी म्हणाले, "नाना, मॅनेजरला कळवते हं."

"कळव," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले. सापडल्या तरी पायात न घालता तसेच उभे राहिले.

"सूनबाई, आज तुमच्याकडं भाजी कसली हाय?"

"वांग्याची. का हो?"

"मी जेवायला येऊ?"