तट्ट्याकडे तोंड करून बसणारे गुरुजी

आमच्या शाळेतले डोमाजी गुरुजी वर्गाकडे पाठ करून शिकवत. खोटं वाटत असेल तर गावात कोणालाही विचारा. पोरं एकीकडे, आणि गुरुजींच्या खुर्चीचं तोंड दुसरीकडे, बांबूच्या तट्ट्याला नाक लागेल इतकं जवळ. मागे कोणी खोडी काढली की मान न वळवता ते म्हणत, "सुक्या, तुही लेखण थांबली. मी कानानं पाह्यतो, बावा."

"कानानं पाहा" हा त्यांचा लाडका शब्द. तांदूळ दाताखाली फोडत आणि म्हणत, आवाज ओला आहे. पाव्हणा दाराशी आला की आधी चपलांचा आवाज ऐकत आणि मगच "या" म्हणायचं की नाही ते ठरवत.

तट्टा कसला ते सांगतो. आमचं गाव छत्तीसगडच्या अंगाला. निम्म्या घरांत आमची बोली, निम्म्या घरांत हिंदी. म्हणून शाळाही दोन भाषांची, पण छप्पर एकच: लांबलचक, मातीच्या कवेलूंचं, पावसाळ्यात दहा ठिकाणी गळणारं. मधोमध बांबूचा तट्टा. अलीकडे डोमाजी गुरुजींची मराठी, पलीकडे तिवारी पंडितजींची हिंदी. इकडे 'बे दुणे चार' आणि तिकडे 'दो दूनी चार' एकाच वेळी सुरू झालं की भंडाऱ्याहून आलेले तपासनीस कानांत बोटं घालत. एरवी पलीकडचे पाढे सुरू झाले की गुरुजी आपल्या पोरांना चूप बसवत.

गुरुजींचं दुसरं खूळ छत्रीचं. हिंदीची पोरं प्रार्थनेला बाहेर आली की गुरुजी फाडकन छत्री उघडत आणि तिच्याआड उभे राहत. आभाळात ढगाचा पत्ता नसे. पंडितजी चिडवत, "गुरुजी, धूप से डरते हो कि हम से?" गुरुजी छत्रीआडून म्हणत, "तुमच्या तोंडाले. शुभ काम असते बावा, प्रार्थना."

मी नागपूरहून शिकून परतलो तो खिशात पत्रकं घेऊनच. स्वातंत्र्य येऊन इतकी वर्षं झाली आणि आमची पोरं गळक्या छपराखाली, शेजारच्या वर्गाच्या कोलाहलात अक्षर गिरवणार? मी सभा घेतल्या. जनपद सभेच्या कचेरीत खेटे घातले. मंजुरी आली. जुनी इमारत दुरुस्त करायची, मैदानापलीकडे हिंदीसाठी नवी पक्की इमारत बांधायची, तट्टा काढून दोन्ही खोल्या मराठीला द्यायच्या. गावानं विटा भाजल्या, बैलांच्या खासरांनी नाल्याची रेती आणली. सगळं गाव राबलं.

विरोधात उभा राहिला एकच माणूस, आणि तो शिक्षक! भर सभेत डोमाजी गुरुजी म्हणाले, "मैदानापलीकडे साप निघतात." कोणी ऐकेना, तर म्हणाले, "तिकडचा वारा वाईट." मी विचारलं, "वाईट म्हणजे कसा?" म्हणाले, "सर्दी करते." लोक पोट धरून हसले. शेवटी गुरुजी हळू आवाजात बोलले, "इमारत बांधा. छत घाला. पर हा तट्टा आणि पलीकडचा वर्ग इथंच राहू द्या. बाकी काई मांगत नाही."

मी पेटलो. गोंदियाला जाऊन गुलाबी कागदावर पत्रक छापून आणलं: 'पक्क्या भिंतीला विरोध म्हणजे पोरांच्या भवितव्याला विरोध! जुनाट बांबूला कवटाळणाऱ्यांना गावाचा सवाल!' नाव घातलं नाही. गरजच नव्हती.

पत्रक चुलीशी नेऊन मी आईला वाचून दाखवलं. तिनं भाकर तव्यावर तशीच ठेवली.

"तुले काईच माहीत नाही काय रे? हो, तू तवा नागपुरात."

मग तिनं सांगितलं. गुरुजींची एकुलती पोर सगुणा गावातच दिली होती, तांदळाच्या गिरणीवाल्यांकडे. जात एक, फक्त त्यांच्या घरात हिंदी. बाळंतपणात ती आजारली. गोंदियाला दवाखान्यात न्या म्हणून गुरुजी हातापाया पडले. सासऱ्यानं नेलं नाही. सगुणा गेली, मागे तान्ही पोर राहिली. मसणात सगळ्यांसमोर गुरुजी व्याह्याला म्हणाले, "माह्या पोरीले तुम्ही मारलं." त्या दिवसापासून दार बंद झालं. पोर मोठी झाली तेव्हा तिला शाळेत घालायलाही गिरणीवाला आजा तयार नव्हता. पंडितजींनी मध्यस्थी केली. आजानं अट घातली: डोमाजीनं पोरीशी बोलायचं नाही, तिच्या नजरेस पडायचं नाही. ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी शाळा बंद.

"म्हून ते छत्री," आई म्हणाली. "आणि म्हून तो तट्टा. पलीकडं ते पोर, बिमला, पाढे म्हणते ना."

मी तसाच गुरुजींच्या घरी गेलो. ते अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होते.

"चपला आपटत आला. रागावला दिसतेस," ते म्हणाले.

"मला आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तू पत्रक काढलं असतं. हिरव्या कागदावर. गिरणीवाल्याच्या दारात चिकटवलं असतं. मंग पोरीची शाळा बंद."

मनात पत्रकाचा मथळा तयार झालाच होता.

"पण गुरुजी, हा अन्याय आहे!"

"हाय ना. कोण नाही म्हणते? पर मी शबूद देल्लो. बोलन नाही, दिसन नाही." सूप थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर खट्याळ पोरासारखं हसू आलं. "आयकन नाही असं व्याह्यानं म्हणलंच नाही. त्याले सुचलंच नाही."

"मग आपण इमारत थांबवू. मी उद्याच—"

"काय सांगशील लोकायले? काऊन थांबवली म्हून?" ते पुन्हा पाखडू लागले. "आणि तिचा वर्गबी गळतेच ना. मागच्या पावसात तिले खोकला झाला होता. आयकला मी."

पुढच्या सभेत गुरुजींनीच नव्या इमारतीच्या बाजूनं हात वर केला. लोक म्हणाले, पोरानं म्हाताऱ्याला वठणीवर आणलं. माझ्या पाठीवर थापा पडल्या. एरवी मी भाषण ठोकलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत तट्टा काढला. पोरं नव्हती. मी, पंडितजी आणि गुरुजी. गुरुजींची बाजू उघड्या बांबूची; तिला ते कधीच लिंपू देत नसत. पलीकडची बाजू शेणामातीनं लिंपलेली. दोर कापून आम्ही तट्टा आडवा केला, पलीकडची बाजू वर आली आणि गुरुजी एकदम खाली बसले.

त्यांची खुर्ची असे त्याच जागी, पण जमिनीलगत, बसलेल्या लेकराच्या डोक्याच्या उंचीवर, लिंपण खरवडून काढलेलं होतं. तळहाताएवढं. आतला बांबू हात लागून लागून गुळगुळीत झाला होता.

"इथं कोण बसे?" गुरुजींनी विचारलं.

"आप जानते हैं," पंडितजी म्हणाले. "रोज डाँटता था, बिमला, मत कुरेद, मत कुरेद. मानती ही नहीं थी."

गुरुजींनी आपला तळहात त्या जागेवर ठेवला. बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाले, "चला, उचला. बांबू चांगला हाय. कोणाच्या वाडीले कामी येईल."

नवी इमारत झोकात उभी आहे. पक्क्या भिंती, खिडक्यांना झडपा, फाटकही वेगळं. मी तिच्यासाठी भांडलो आणि आजही भांडेन. लेकरं कोरडी बसतात. गिरणीवाल्याविरुद्ध मात्र मी एक ओळ छापू शकत नाही. बिमला अजून शाळेत जाते.

गुरुजींची छत्री खिळ्याला टांगलेली असते. आता ते वर्गाकडे तोंड करून शिकवतात. तपासनीस खूश होऊन गेले.

परवा दुपारी मी वर्गात डोकावलो. हिंदीच्या पाढ्यांची वेळ झाली होती. जुन्या सवयीनं सगळी पोरं आपोआप चूप झाली. लेखण्या थांबल्या. मैदानापलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

गुरुजी पोरांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चूप काऊन झाले रे? लिवा."