सुमतीबाईंची डिस्क

नथमलशेठ ओतूरहून एसटीनं जुन्नरला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली एक हार्ड डिस्क होती. त्यांच्या कापड दुकानातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला होता. मेकॅनिकनं त्यातली डिस्क काढून हातात दिली आणि बाकीचा डबा भंगारात घालायला सांगितला. गाडीत शेजारच्या बाईनं दोनदा सुचवूनही शेठजींनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्या डिस्कमध्ये त्यांच्या बायकोचा आवाज होता. सुमतीबाई मागच्या वर्षी गेल्या. गळा गोड, पण चारचौघांत गायची लाज. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायच्या, स्तवनं म्हणायच्या आणि रेकॉर्ड करून ठेवायच्या. मुलानं, अंकितनं, तेवढं शिकवलं होतं. आता पहिली पुण्यतिथी जवळ आली होती आणि मुलगी खुशबू म्हणाली होती, "पप्पा, त्या दिवशी जैन स्थानकात मम्मीचाच आवाज लावू."

जुन्नरला नुमानचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर एक चौकट आली. ती घालवली तर दुसरी आली.

"काय म्हणतंय?" शेठजींनी विचारलं.

"फॉरमॅट करा म्हणतंय. म्हंजी सगळं पुसून टाका. शेठ, हिच्यात लिनक्स हाय. कुणी टाकलं व्हतं?"

"अंकितनं. यात व्हायरस येत नाही म्हणाला."

"व्हायरसचं सोडा, माझं विंडोजबी आत जाईना. त्याला लिनक्सचं कळत नाय, म्हणून त्याला वाटतं डिस्क कोरीच हाय." नुमाननं चौकट पुन्हा घालवली. "माउंट करावं लागंल."

शेठजींनी ब्लाउजपीसची नीट घडी घातली. मग म्हणाले, "जाऊन आलोय आम्ही. लग्न झालं त्याच वर्षी. आबूला."

"ते माउंट नाय शेठ. डिस्क अशी जोडून घ्यायची, की विंडोजला वाचता यावी. त्याचा एक प्रोग्राम येतो. तो उतरवायला लावलाय, नेट जरा हळू हाय. मी तवर शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर देऊन येतो. कशाला हात लावू नका."

शेठजींनी हात लावला नसता. पण चौकट परत आली. इंग्रजी त्यांना अक्षर अक्षर जोडून वाचावं लागे, आणि चष्मा गाडीतल्या घामानं धुरकटला होता. ही नको असलेली चौकट नुमान एक बटण दाबून घालवतो, एवढं त्यांनी पाहिलं होतं. कुठलं बटण, ते पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांत मोठं दाबलं. चौकट गेली, तिच्या जागी मोठी आली. त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं. आणखी एक आली, तीही तशीच घालवली. मग एक हिरवी पट्टी भराभर भरत गेली आणि शेवटी आलेला एक शब्द त्यांना वाचता आला.

नुमान परतला तेव्हा शेठजी समाधानानं म्हणाले, "तुझी चौकट घालवली बघ. कंप्लीट म्हणाली."

"काय कंप्लीट?"

नुमाननं पडदा पाहिला आणि स्टुलावर बसला. "शेठ, तुमी फॉरमॅट मारलं."

"सगळं गेलं?" शेठजींनी हळूच विचारलं.

"एक भाग गेला. हिचे तीन भाग हायेत. कुठल्यात काय ठेवलं व्हतं, मला कसं कळावं?"

बंगळुरूला अंकितला फोन लावला. "पप्पा, मीटिंगमध्ये आहे," तो कुजबुजला.

"अंकित, तुझ्या आईला मी पुसून टाकलं रे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि दार लागल्याचा आवाज आला. मग अंकित नुमानशी बोलला. कुठला भाग गेला, केवढा होता, हे त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाला, "सिस्टमचा गेला. मम्मीचं सगळं मोठ्या भागात होतं. तो जपा. आणि पप्पांना तिथून लांब बसवा."

शेठजी आपणच उठून दाराशी जाऊन बसले. प्रोग्राम उतरला, नुमाननं मोठा भाग माउंट केला आणि सुमतीबाईंच्या नावाचं फोल्डर उघडलं.

त्यानं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. सुमतीबाईंनी सूर लावला, एक ओळ झाली, आणि लांबून शेठजींचाच आवाज आला, "अगं, सहावारीचा गठ्ठा कुठंय?"

"वरच्या फळीवर," सुमतीबाई म्हणाल्या. रेकॉर्डिंग संपलं.

दुसऱ्यात शेठजींचा चष्मा सापडत नव्हता. तिसऱ्यात ते म्हणत होते, "पावणे आलेत, चहा टाकतेस का?" यावर सुमतीबाई हसल्या, "टाकते. देवाला जरा थांबायला सांगते." पुढच्या सगळ्यांत हेच. एकही स्तवन पुरं झालेलं नव्हतं.

"लई हाका मारायचा राव तुमी," नुमान हसत म्हणाला. शेठजींचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं. "तुमचा आवाज कापून देऊ का?"

"कापून काय उरतंय त्यात?"

शेवटचं एक राहिलं होतं. त्यात कुणाचीच हाक आली नाही. नुमाननं तारीख वाचून दाखवली तेव्हा शेठजींना आठवलं, त्या दिवशी ते मालाच्या खरेदीला पुण्याला गेले होते. सुमतीबाई मोकळ्या गळ्यानं गात होत्या. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं. शेठजींनी डोळे मिटले. आणि मध्येच त्या थांबल्या. नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग त्या साध्या आवाजात, कॉम्प्युटरला सांगावं तसं म्हणाल्या, "आज कुणी हाकच मारत नाही. करमत नाही गायला." आणि त्यांनी बंद केलं.

नुमान उगाचच कीबोर्ड पुसत राहिला. "शेठ," तो म्हणाला, "स्थानकासाठी ह्येच देऊ ना? ह्यातच सगळ्यात जास्त गाणं हाय."

शेठजींनी ब्लाउजपीसनं डोळे टिपले.

"हे माझ्यापुरतं दे," ते म्हणाले. "तिथं चहाचं लावू. त्यात ती हसलीय."