दोन किलो पोपट

लग्नाला जेमतेम महिना झाला आणि सुखदेवने ठरवलं की रोज संध्याकाळी बायकोला आपलं बालपण सांगायचं. सकाळी आठला तो कॉम्प्युटरच्या कंपनीत जायचा, सातला परत यायचा, आणि मधल्या वेळात सांगण्यासारखं काहीच घडायचं नाही. (स्क्रीन अडकली, हे रोज किती वेळा सांगणार?) त्यामानाने वर्ध्याजवळच्या आर्वीतलं त्याचं बालपण चांगलंच भरगच्च होतं.

ऋतुजा धायरीची. आर्वी तिने नकाशातही पाहिली नव्हती. विहिरीत पडलेली चप्पल, शाळेच्या कौलांवरून घसरलेले ड्रिलमास्तर, सगळं ती हसत ऐकायची. हिवाळ्याची आठवण निघाली त्या दिवशी मात्र तिचं हसू थांबलं.

"थंडी पडली की आम्ही सगळे अंगणात उन्हाला बसायचो," सुखदेव म्हणाला, "आणि पोपट सोलायचो."

ऋतुजा साडीची घडी घालत होती. ती तशीच हातात राहिली.

"पोपट?"

"हो. एका बैठकीला दोन किलो सहज."

"हाताने?"

"मग कशाने? अंगठ्याचं नख लावलं की उघडतो. कोवळा असला तर अजिबात त्रास देत नाही."

"आणि तुमच्या आई?"

"आई तर न बघता सोलते. शेजारणीशी गप्पा मारत."

"पण तुमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही ना?"

"अंडं कशाला लागतं त्यात? मीठ घालून नुसतं उकडायचं."

अशा वेळी नव्या नवरीने काय बोलावं, हे ऋतुजाला कोणी शिकवलं नव्हतं. तिने साडी कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पीसीओतून माहेरी फोन केला.

कारण माहेरी पोपट होता. धायरी महापालिकेत गेली, ग्रामपंचायत संपली, तेव्हा तिचे वडील बापूराव यांनी त्याचं 'राघू' हे नाव बदलून 'सरपंच' ठेवलं होतं. गावात निदान एक तरी असावा, म्हणून. बापूराव दिवसभरात बायकोशी चार वाक्यं बोलत आणि सरपंचाशी चाळीस.

यातलं सुखदेवला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या मनात वेगळीच काळजी होती. ऋतुजा त्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये भेटली होती. बापूरावांनी लग्नाला होकार दिला खरा, पण तो वरणासारखा पातळ. लग्नानंतरही ते त्याला एकदाही 'जावई' म्हणाले नव्हते. म्हणायचे 'ते आर्वीकर', जसं काही तो चुकून धायरीला उतरलेला प्रवासी आहे. आता भोगीला सासरी पहिलं जेवण होतं. काहीही झालं तरी त्यांच्या तोंडून तो शब्द काढायचाच, असा निश्चय करून सुखदेव ऋतुजाबरोबर स्वारगेटहून बसमध्ये बसला. (इस्त्रीचा शर्ट दांडेकर पुलापर्यंतच टिकला.)

ओसरीत शिरताच त्याला दिसलं, की कोपऱ्यात काहीतरी उंच ठेवलंय, त्यावर घोंगडी टाकलीय आणि शेजारी बापूराव मांडीवर काठी घेऊन बसलेत.

"हे काय, मामाजी?" सुखदेवने विचारलं.

बापूरावांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

"कॉम्प्युटर," बापूराव म्हणाले.

सुखदेवचा ऊर भरून आला. जावयाच्या मानासाठी सासऱ्याने कॉम्प्युटर घेतला होता. आता शब्द काही लांब नव्हता.

"वा! कसला आहे?"

"हिरवा."

तेवढ्यात घोंगडीखालून कर्र, टर्र असा आवाज आला. सुखदेवने जाणकारासारखी मान डोलावली. "मोडेमसुद्धा घेतलाय."

बापूरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

पानं मांडली गेली. सासूबाईंनी, म्हणजे चंद्रभागाबाईंनी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी वाढली. सुखदेवने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळेच भरून आले. सारी मंडई पालथी घालूनही न मिळालेली ती चव होती.

"मामाजी," तो गहिवरून म्हणाला, "यात पोपट घातलाय."

चंद्रभागाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. बापूराव ताटावरून उठले ते थेट ओसरीत, आणि त्यांनी घोंगडी ओढली. सरपंच एका पायावर उभा राहून झोपला होता. बापूरावांनी त्याचे दोन्ही पंख मोजले, शेपूट पाहिली आणि मगच श्वास सोडला.

सुखदेव मागे येऊन उभा होता. "हा कॉम्प्युटर?"

"ताटात कुठला पोपट हाय ते दाखवा आधी."

सुखदेवने भाजीतला एक फिकट हिरवा दाणा बोटांत धरून दाखवला. बापूरावांनी तो उजेडात नेला.

"ह्यो पावटा हाय."

"आमच्याकडे याला पोपट म्हणतात."

चंद्रभागाबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. ऋतुजा भिंतीला टेकून हसता हसता खाली बसली. बापूराव मात्र हसले नाहीत. त्यांना खरोखरची शंका होती.

"मग पोपटाला काय म्हणता?"

"पोपटच."

"मग कळतं कसं?"

"किलोवर मिळतो तो खायचा."

हे बापूरावांना पटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने सुखदेवला भाजी वाढली, वर लोणीही घातलं. सुखदेव कान टवकारून बसला. पण शब्द काही आला नाही.

तो आला निघताना. सुखदेव उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच मागून बापूरावांच्याच आवाजात ठणठणीत ऐकू आलं, "जावई आले!"

सुखदेव आनंदाने वळला. बापूरावांचं तोंड मिटलेलं होतं. पिंजऱ्यातून सरपंच त्याच्याकडे एका डोळ्याने पाहत होता.

"जावई आले! झाका, झाका!"

"आठ दिवस घरात तालीम चालली व्हती," बापूराव खाली बघत म्हणाले. "विसरंल हळूहळू."

तो विसरला नाही. पुढे कंपनीने सुखदेवला सहा महिने अमेरिकेला पाठवलं. परत आल्यावर टाय लावून, हातात चॉकलेटांचा डबा घेऊन तो धायरीला गेला. सरपंचाने लांबूनच वर्दी दिली, आणि शेजारच्या शालूताईंनी सवयीप्रमाणे आपल्या कोंबड्यांवर टोपली टाकली.