मुळ्येजींचा दायरा

मुळ्येजींसमोर 'जवळपास' हा शब्द काढायचा नसतो. मी तो नोकरीच्या पहिल्याच सकाळी काढला. नाशिकहून नुकती इंदूरला आले होते, विजय नगरच्या आमच्या ऑफिसात कुणालाच ओळखत नव्हते. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मराठी बोलताना ऐकले आणि विचारलं, "इथे जवळपास पोहे कुठे चांगले मिळतात हो?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जवळपास म्हणजे? पहले दायरा तर बोला, मॅडम."

मी चाचरत "चालत जाण्याइतकं" म्हणाले. त्यांनी संगणकावर शहराचा नकाशा उघडला, कुठलंसं बटण दाबलं आणि त्यावर लाल-पिवळे डाग उमटले. एक पोहेवाला म्हणजे एक ठिपका. ठिपके जिथे दाटीने, तिथे लाल. ही सगळी दुकानं त्यांनी स्वतः खाऊन नोंदवलेली होती. "आधी घनत्व बघा," ते म्हणाले, "भूक नंतर." ते समजावून होईपर्यंत पोहे संपायची वेळ झाली होती.

आमच्या ऑफिसाचं कामच हे. कुणाला दुकान काढायचं असतं, कुणाला दवाखाना. गिऱ्हाईक कुठे दाटीने राहतं ते आम्ही नकाशावर काढून देतो. बाकीचे लोक संध्याकाळी हे काम ऑफिसातच ठेवून घरी जातात. मुळ्येजी बरोबर नेतात. डब्यातल्या वरणभातावर शेव घातली की ती चमच्याने सारखी करत बसतात. "इकडे क्लस्टर, तिकडे ठणठणाट, असं जेवण नाही जात मला." भाचीच्या लग्नात सगळी मंडळी जिलबीपाशी गोळा झाली, तर यांनी आचाऱ्याला पटवून जिलबीची कढई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेववली. मंडळी मुकाट्याने कढईमागून गेली. भाचीचे सासरे अजून यांच्याशी जपून बोलतात.

मला काम मात्र त्यांनीच शिकवलं. दायरा, म्हणजे एका ठिपक्याचा रंग आजूबाजूला किती दूर पसरवायचा ते अंतर, मी नेहमी लहान धरायची. "छोट्या दायऱ्यात हर ठिपका अकेला दिसतो, मॅडम," ते म्हणायचे. "जरा मोठा धरा, मग कळतं कोण कुणाच्या आसपास आहे." हे ते औषधाच्या दुकानांबद्दल सांगत होते.

दिवाळीनंतर ऑफिसातल्या सगळ्यांनी घरच्यांसह एकत्र फराळ करायचं ठरलं. कुठे, यावर एकमत होईना. त्या आठवड्यात मुळ्येजी चहा घेताना, प्रिंटरपाशी, जिन्यात, भेटेल त्याला सांगत होते, "आमचा हॉल लंबा आहे." मला वाटलं, घर विकायला काढलंय.

शेवटी साहेब वैतागले. "मुळ्येजी, नक्शा ही बना लो."

मी माऊस धरला आणि कोण शहरातून, कोण बाहेरगावाहून, घरचे धरून किती जण येणार ते मुळ्येजी सांगू लागले, "सिमरोलचे पाटीदार, दोघं. बेटम्याचे सोलंकी, तिघं. विजय नगरची ही पोरं, एकेक. आमच्या घरचे चार."

मी चार लिहिता लिहिता थांबले. मुळ्येवहिनींना जाऊन तेव्हा दुसरी दिवाळी होती आणि दोन्ही मुलं परदेशात नोकरीला होती. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मुळ्येजींनाही ते एका क्षणाने आठवलं.

"एक लिहा," ते म्हणाले. "चार बोलायची आदत आहे, बस."

मी एक लिहिलं आणि बटण दाबलं. विजय नगर लालभडक झालं. शहराच्या मधोमध, जुन्या मोहल्ल्यात, मुळ्येजींचं घर पिवळंसुद्धा झालं नाही.

"चलो, फिर इधर ही कोई होटल देख लेते हैं," साहेब उठत म्हणाले. मुळ्येजी नकाशाशी कधी भांडत नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि स्वच्छच असलेला चष्मा पुसायला घेतला. मला फार वाईट वाटलं.

"सर, एक मिनट," मी म्हणाले. "मी दायरा लहान धरलाय."

मी दायरा वाढवत गेले. विजय नगरचा डाग पसरला, सिमरोलचा वर सरकला, बेटम्याचा शहरात शिरला, आणि तिन्ही मुळ्येजींच्या घरावर येऊन मिळेपर्यंत मी थांबले नाही. एवढ्या दायऱ्यात निम्मा जिल्हा बसतो हे खोलीत प्रत्येकाला कळत होतं, मुळ्येजींना सगळ्यात जास्त.

"इतका दायरा कोणी धरतं का, मॅडम?" ते हळूच म्हणाले.

"मी धरते," मी म्हटलं.

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, मग मुळ्येजींकडे. "हॉल लंबा है ना आपका?"

हॉल खरंच लांब होता. मुळ्येजींनी खुर्च्या सारख्या अंतरावर मांडल्या होत्या, चारी कोपऱ्यांत चकल्या-शंकरपाळ्यांची ताटं ठेवली होती. आणि आम्ही सगळे, सोलंकींच्या आईपासून विजय नगरच्या पोरांपर्यंत, स्वयंपाकघराच्या दाराशी मांडीला मांडी लावून बसलो होतो. बाकीचा हॉल मोकळा होता. मुळ्येजी शेवेचा डबा घेऊन मध्येच उभे राहिले आणि आमच्याकडे बघत राहिले.

"मुळ्येजी, इथे फार घनत्व झालंय," मी म्हणाले. "थोडी माणसं तिकडे हलवू का?"

"राहू द्या," ते म्हणाले, आणि मला जरा सरकायला सांगून तिथेच खाली बसले.