चौदा खिशांचा बॉयलर सूट

लष्करातून बाद झालेला जुना बॉयलर सूट प्लंबरने आदल्या दिवशीच घेतला होता आणि त्याला चौदा खिसे आहेत, हे सकाळपासून भेटेल त्याला सांगून झालं होतं. छातीवर, बाहीवर, मांडीवर, अगदी पोटरीवरसुद्धा खिसा. बायको तेवढी म्हणाली होती, "हे अंगात घालायचंय, की त्यात राहायला जायचंय?"

पहिलंच काम जोखमीचं निघालं. एका काकूंची अंगठी बेसिनमध्ये पडली होती, तीही लग्नात सासूबाईंनी बोटात घातलेली. त्याने बेसिनखालचा ट्रॅप, म्हणजे गाळ साठतो तो वाकडा पाइप, खोलला, अर्धी बादली गाळ उपसला आणि अंगठी हाती लागली. काकू बाहेर बहिणीला फोनवर रडून हकीकत सांगत होत्या. त्याने अंगठी पुसून खिशात ठेवली, ट्रॅप बसवला, पाणी सोडून पाहिलं आणि ऐटीत बाहेर आला.

"काकू, सापडली!"

"अगंबाई! द्या, द्या लवकर!"

प्लंबरने छातीच्या खिशात हात घातला. पाना निघाला. दुसऱ्यातून टेप निघाली, तिसऱ्यातून वायसर, चौथ्यातून सकाळपासून हरवलेला चष्मा.

"इथेच आहे हो," तो म्हणाला. नवव्या खिशापर्यंत त्याला दरदरून घाम फुटला. चौदाही खिसे उलटे होऊन जिभेसारखे बाहेर लोंबू लागले, पण अंगठीचा पत्ता नाही.

"सापडली म्हणालात ना?" काकूंचा आवाज बदलला.

तो आवाज त्याच्या काळजात घुसला. वीस वर्षं तो लोकांच्या घरात शिरत होता, पण कुणाचा चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"काकू, देवाशपथ..."

कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं आणि त्यामागून काका उगवले. "इकडे या. पाठ माझ्याकडे करा." त्यांनी त्याची कॉलर उलटून पाहिली. "वाटलंच. शिक्का माझा आहे."

काकांची सारी नोकरी लष्कराच्या गोदामात कपडे तपासून बाद करण्यात गेली होती.

"अहो, शिक्के कसले बघताय? माझी अंगठी बघा!"

"तीच बघतोय. शिक्क्यात सात आकडा आहे. सात म्हणजे खिशाच्या शिवणीत भोक, सहज दिसत नाही."

"कुठल्या?" प्लंबरने विचारलं.

"ते लिहायला रकाना नव्हता. पण या सुटाच्या पायांची बटणं घोट्याशी घट्ट असतात. निसटलेलं घोट्यापुढे जात नाही. सोडा."

उजव्या पायातून काहीच निघालं नाही. डाव्या पायाचं बटण सुटलं, तशी आधी पेन्सिल पडली, मग दोन नट, आणि मग टणकन अंगठी!

प्लंबर मटकन खालीच बसला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"एवढ्याशा भोकासाठी चांगला कपडा बाद करतो म्हणून सगळे हसायचे मला," काका म्हणाले. "हीसुद्धा."

"बरं बाई, तुमचंच खरं," अंगठी बोटात सरकवत काकू म्हणाल्या आणि सुईदोरा घेऊन आल्या. "आणा, ते भोक शिवून देते."

"नको काकू, राहू द्या." प्लंबर घाईघाईने उठला. "चौदांपैकी तेवढा एकच खिसा असा आहे, की त्यात ठेवलेलं कुठे सापडेल, हे मला पक्कं ठाऊक आहे."